सातव्या खिडकीतलं कोकरू

"नवलभाऊ, सातवी काच वर देतस का नही? माले दोर सोडना शेतस!"

परांचीवाला समाधान वरून तिसऱ्यांदा ओरडला, तेव्हा नवलने काच बसवायच्या पुटीचा गोळा उगाचच पुन्हा मळायला घेतला आणि "थांब जरासा, पुटी कच्ची शे," असं खालूनच ठोकून दिलं. पुटी सकाळपासून तयार होती. तयार नव्हता तो नवल. दुपारपासून तो चर्चच्या आवारात चपला झिजवत होता. मध्येच सातव्या काचेच्या खोक्याशी जाई, गोणपाटाचं टोक उचलून आत बघे आणि पुन्हा झाकून ठेवी.

चाळीसगावच्या या जुन्या चर्चच्या मनोऱ्यावर दोन पावसाळ्यांपूर्वी वीज पडली होती. आठ महिने खपून गवंड्यांनी मनोरा पुन्हा उभा केला, टोकावर नवा क्रूस चढवला. काम निघालंच आहे तर सात खिडक्यांना रंगीत काचांची चित्रंही बसवू, असं फादर पारख्यांनी ठरवलं. मासा, नाव, दिवा, गव्हाच्या लोंब्या, द्राक्षांचा घड आणि किल्ल्या या सहा खिडक्या भिंतींत बसल्या होत्या. सातवी, कोकराची, मनोऱ्याच्या पोटात, बरोबर दारावर यायची होती. परांची उतरली की तिथे हात पोचणार नव्हता. उद्या सकाळी बिशप येणार होते आणि समाधानला आजच पाचोऱ्याचं काम गाठायचं होतं. थोडक्यात, सगळं गाव नवलच्या एका काचेसाठी खोळंबलं होतं.

धुळ्यात नवलचं काचेचं दुकान होतं. सरकत्या खिडक्या, आरसे, गेलेल्या माणसांच्या फोटोंच्या फ्रेमा, असा अठ्ठावीस वर्षांचा धंदा. निम्म्या धुळ्याला त्याने काचा बसवल्या, पण त्याच्या काचेकडे कधी कुणी बघितलं नाही. बघणार कसं? काच चांगली बसली की माणूस तिच्यातून पलीकडेच बघतो. म्हणून फादरांनी हे काम विचारलं तेव्हा त्याने काहीही येत नसताना हो म्हटलं. तीन महिने मोबाइलवर बघून बघून शिकला आणि डझनभर काचांचा चुरा केला.

पुण्याच्या एका चित्रकाराने नुसत्या रेघांची चित्रं पाठवली होती. प्रत्येक तुकड्यावर रंगाचा नंबर होता. पाण्याला चार, शिडाला सात म्हणजे पांढरा. नवलने सहा खिडक्या मुकाट्याने नंबरांबरहुकूम केल्या. कोकरावर मात्र एकही नंबर नव्हता. त्याला वाटलं, हे आपल्यावर सोडलंय.

आणि मेंढरू म्हटल्यावर ठेलाऱ्याच्या, मेंढपाळाच्या पोराला रंग विचारावा लागतो का? पांढरी मेंढरं त्याने पाहिली नव्हती असं नाही, पण बापाच्या कळपात जन्मलं ते प्रत्येक पिल्लू काळं होतं. गडद तपकिरी, धुरकट आणि जांभळ्या काचेचे एकतीस तुकडे त्याने हिऱ्याने कापले. लोंबते कान, अडखळते पाय, कपाळावर एवढासा पांढरा चांद. उन्हात धरलं की ते पिकल्या जांभळासारखं चमके. ते करताना त्याला सारखा बाप आठवत होता. चौदाव्या वर्षी नवल कळप सोडून शहरात पळाला होता. पुढे एकदा बाप, उखर्डू, दुकानापाशी आला, खांद्यावर घोंगडी, अंगाला मेंढरांचा वास. आत गिऱ्हाईक होतं. नवल बापाला "या" म्हणाला नाही. म्हातारा थोडा वेळ रस्त्यावर थांबला आणि गेला. तो गेला तो गेलाच. त्याची माफी मागायला नवलजवळ हे कोकरू सोडून दुसरं काही नव्हतं.

आज दुपारी चर्चची झाडलोट करणाऱ्या लताबाईंनी उद्यासाठी वेदीवर नवं वस्त्र अंथरलं. त्यावर जरीच्या धाग्यांत कोकरू भरलेलं होतं. दुधासारखं पांढरं. नवल झटकन पुढे झाला.

"अक्का, हाई कसानं कोकरू शे?"

"येशूनं. तोच कोकरू शे," लताबाई म्हणाल्या. "पांढरंच ऱ्हास ते. एक डाग नही."

तेव्हापासून त्याची पुटी कच्ची होती.

शेवटी समाधानची हाक ऐकून फादरच बाहेर आले. "काय अडलंय, नवलभाऊ?" म्हणत त्यांनी गोणपाट बाजूला केलं.

"सुंदर आहे," ते म्हणाले. आवाज मात्र पडलेला. "पण आमचं कोकरू पांढरं असतं हो."

"नंबर नव्हता, फादर. मला वाटलं..."

फादरांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस इतका चिडला की त्याचं बोलणं नवललाही ऐकू आलं. कोकराला कसला नंबर द्यायचा, ते पांढरंच असतं, हे कुणालाही कळतं! फादरांनी फोन खिशात टाकला आणि कपाळ चोळलं.

लताबाई झाडू टेकवून उभ्या होत्या. त्या काचेजवळ वाकल्या, मग फादरांकडे वळल्या. "राहू द्या ना तेच. आपलामा गोरं कोन शे, फादर? तुम्ही? का मी?"

परांचीवर समाधान फिस्सकन हसला. फादरही हसले, पण लगेच त्यांचे डोळे भरून आले. "खरंय तुमचं, लताबाई. पण उद्या बिशप आहेत, सगळी मंडळी आहेत. मी सांगू शकत नाही, नवलभाऊ. तुम्ही म्हणाल तसं करू. बसवायचं म्हणालात तर बसवू, मी उद्या उत्तर देईन."

आता आली का पंचाईत! दुपारपासून नवलला हेच हवं होतं, कुणीतरी बसव म्हणावं. त्याने मनोऱ्याकडे पाहिलं. दारावरचा तो रिकामा गोल त्याला ओळखीचा वाटत होता, इतक्या वेळा त्याने मनातल्या मनात ते काळं पिल्लू तिथे बसवलं होतं. मग त्याने फादरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा भला माणूस आपल्यासाठी उद्या चारचौघांत मान खाली घालणार. दारात आलेल्या एका म्हाताऱ्याला चारचौघांपायी बाहेर उभं केल्यावर काय होतं, हे नवलला ठाऊक होतं.

"देव तुमचा आहे, फादर," तो म्हणाला. "त्याचं कोकरू त्याच्या रंगाचं होऊ द्या. शिडाची काच उरलीय. दोन तास द्या."

समाधानने कपाळावर हात मारला, पण दोर सोडले नाहीत. बिडी पेटवून तो परांचीवरच बसून राहिला.

नवलने सोल्डरिंग आयर्न तापवलं. तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या एकेक उकलल्या. पांढऱ्या काचेवर काळा तुकडा ठेवायचा, कडेने हिऱ्याने रेघ ओढायची, काळा तुकडा बाजूला करायचा. कान, मान, पाठ, पाय. त्याचे हात जराही चुकले नाहीत आणि त्याचा त्यालाच राग आला. साडेपाचला पांढरं कोकरू दारावर बसलं. सगळ्यांनी माना वर करून वाहवा केली. नवलनेही बघितलं. काम चोख होतं, पण ते कोकरू त्याला ओळखत नव्हतं.

काळे तुकडे वर्तमानपत्रात बांधून तो छोटा हत्ती टेम्पो घेऊन धुळ्याकडे निघाला. मेहुणबाऱ्याच्या पुढे गाड्या तुंबल्या होत्या. कापूस वेचून रिकाम्या झालेल्या एका शेतातून समोरच्या शेतात ठेलाऱ्यांचा कळप चालला होता. काळी पाठ, काळी पाठ, संपतच नव्हती. हॉर्न वाजत होते. चार दिवसांचं एक पिल्लू डांबराच्या कडेला बावरून उभं राहिलं होतं.

नवल उतरला. चारी पाय एका मुठीत धरून त्याने ते काखेत घेतलं, जसं घ्यायचं असतं तसं. अडतीस वर्षांनी. पिल्लाचं काळीज त्याच्या बरगडीला धडधडत होतं. नवलला रडू फुटलं आणि ते त्याने पुसलंही नाही.

पागोटंवाला म्हातारा मेंढपाळ काठी टेकत जवळ आला. त्याने त्या पकडीकडे पाहिलं, मग पॅन्ट-शर्टाकडे.

"तू कोना शेस रे भाऊ?"

मागून कुणीतरी शिवी हासडली. नवलने वळून बघितलं नाही.

"उखर्डू ठेलारीना पोऱ्या शे मी," तो मोठ्याने म्हणाला, आणि शेवटची मेंढी पलीकडे जाईपर्यंत ते पिल्लू घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.