सुबाभळीच्या ओळी

वाटणीत धाकट्या दिराने कुरण घेतलं आणि विधवा वहिनीच्या पदरात एक गाय टाकली. "दुधाला होईल," म्हणाला. गाय भाकड आहे हे सगळ्या घराला माहीत होतं.

ते कुरण वहिनीने आणि तिच्या नवऱ्याने उभं केलं होतं. गवतात सुबाभळीच्या ओळी लावल्या, कळशीने पाणी घालून रोपं जगवली. तेव्हा हाच दीर बांधावर उभा राहून हसायचा, "दादा, गुरांना आता झाडावर चढायला शिकवणार का?" पुढे भर उन्हाळ्यात गवत वाळलं तरी ओळी हिरव्यागार राहू लागल्या, तसं त्याचं हसू आटलं. दादा गेला आणि लगोलग कुरणाभोवती काटेरी तार आली. वहिनी सावलीला टेकायला गेली तर म्हणाला, "विचारून येत जा."

तिचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. पण ती तार याच्याच हातांनी उपटवायची, हे तिने मनात पक्कं धरलं.

दिराला हाव सुटली. जुनी गुरं विकून त्याने लांबून तुकतुकीत गुरं आणली, मधलं गवत नांगरून तिथेही सुबाभूळच लावली. नुसता पाला खाऊन गुरांच्या तोंडाला लाळ लागली, शेपट्यांचे गोंडे झडले, एक गाभण गाय गाभडली.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "हा पाला पचवणारे जंतू पोटात लागतात. या नव्यांच्या पोटात ते नाहीत. या पाल्यावर वाढलेलं एखादं जुनं जनावर कळपात सोडा, एका हौदावर पाणी पिऊ द्या. आणि गवत द्या भरपूर."

जुनं जनावर एकच उरलं होतं.

दीर वहिनीच्या पायरीवर येऊन बसला.

"वहिनी, गाय द्या थोडे दिवस."

"भाकड आहे हो ती. तुमच्या काय कामाची?"

"टोमणे मागाहून मारा. जनावरं खंगतायत."

"पाहून आले मी तारेबाहेरून. वाईट वाटलं. जनावरांचं."

"मग द्या ना."

"ती तुमच्या कुरणात यायची नाही. माझ्या कुरणात येईल. आम्ही लावल्या तेवढ्या ओळी माझ्या नावावर करा."

"माणुसकी आहे का काही?"

"होती. तारेच्या आत राहिली."

तो तणतणत निघून गेला. दोन गुरं बसली ती उठलीच नाहीत, तेव्हा वकिलाकडून सगळं लिहून घेऊन परत आला. वहिनीने वाचलं, घडी घालून कमरेला खोचलं.

"आता तार काढा."

"उद्या गडी लावतो."

"गडी नको. तुम्ही काढा. आत्ता."

गाईचं दावं धरून ती फाटकापाशी उभी राहिली. दीर खांबामागून खांब सोडवत गेला. तळवे फाटले, सदऱ्याला रक्त लागलं. धाकटी जाऊ पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

वहिनीने तिच्या हातातून तांब्या अलगद काढून घेतला.

"मागाहून दे गं," ती हळूच म्हणाली. "अजून एक बाजू राहिली आहे."