विमानांच्या गावातली विहीर

“ए, मागं सर! विहिरीपासून दूर! काठावर सावली पडली ना, तर कोरडे ओढीन!” सुश्रुत गरजला आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले.

पौर्णिमालाही आधी हसूच येणार होतं, पण ती सुश्रुतकडे बघतच राहिली. सुश्रुत बँकेत नोकरी करणारा, मऊ बोलणारा माणूस. रिक्षावाल्यालाही ‘अहो’ म्हणेल. आणि हे वाक्य मात्र कसं सुळकन आलं त्याच्या तोंडातून! अडखळला नाही, शब्द शोधावा लागला नाही. शी!

खेळच होता म्हणा. बोरगाव मेघेला साकेतच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत ही चौघं दर रविवारी दुपारी जमत. एकानं एक नसलेलं जग रचायचं आणि ते सांगत जायचं. बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं, त्याच्या तोंडानं बोलायचं, आपल्या डावाला आपण काय करतो ते सांगायचं. अवघड काही करायचं असलं की फासा टाकायचा. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. सांगणाऱ्याचा फासा तेवढा पुठ्ठ्याच्या आडोशामागे पडायचा, पुढचं गुपित फुटू नये म्हणून.

पौर्णिमा एसटीत कंडक्टर. आठवडाभर वर्धा-जाम गाडीत ‘सरका पुढं, सरका’ करत घसा कोरडा व्हायचा. दारुड्यांचे वास, म्हाताऱ्यांची भांडणं, सुट्ट्या पैशांचा जन्माचा वैताग. जामच्या शाळेत शिकवणारी नमिता रोज त्याच गाडीनं जायची. तिनंच एका रविवारी हिला ओढून आणलं. आली ती चिकटलीच. इथं तिला कुणी ‘ओ बाई, तिकीट’ म्हणत नव्हतं. इथं ती वाटेल ती होऊ शकत होती.

मागचं वर्षभर तर जग तिचंच होतं. फार फार जुनं, शेती कुणाच्या स्वप्नातही नव्हती तेव्हाचं. वर्धा नदीच्या काठी अवाढव्य हत्तींचे कळप, त्यांच्या मागे भटकणारी एक टोळी. कुणाला आडनाव नव्हतं. शिकार झाली की पहिला घास दात पडलेल्यांना, असा तिथला कायदा, आणि तो पौर्णिमानंच केलेला. टोळीतली म्हातारी पुरात वाहून गेली त्या रविवारी हाच सुश्रुत डोळे पुसत जिना उतरला होता.

आता पाळी साकेतची. साकेत इंजिनिअर, घरूनच काम करणारा, हौशी. महिनाभर खपून त्यानं जग रचलं होतं. इंग्रज कधी आलेच नाहीत, जुनी राज्यं तशीच चालत राहिली, आणि आज नालवाडीच्या माळावर वाफेची विमानं उतरतात! त्यानं विमानांची चित्रंसुद्धा काढली होती. पौर्णिमा ती बघून लहान पोरीसारखी हरखली होती.

मग जन्म ठरले. कोण कुठल्या घरी जन्मलं, ते साकेतनं आडोशामागे फासा टाकून सांगायचं. नमिता सरदाराची लेक निघाली. सुश्रुत गावचा कारभारी. पौर्णिमा गावकुसाबाहेरची. “फाशाचं आहे हं, माझं नाही,” साकेत घसा खाकरत म्हणाला होता. तिनं ते गिळलं. एका फाशाचं काय मनावर घ्यायचं?

पण आता गावाबाहेर विमान कोसळलं होतं, विमानवाला पाणी पाणी करत होता, विहिरीच्या सगळ्यात जवळ तीच होती, आणि कारभारी तिच्यावर ओरडत होता.

“साकेत,” ती म्हणाली, “तुही विमानं कायच्यावर उडते?”

“वाफेवर. आणि एक हलका वायू आहे, त्यानं...”

“असा वायू असते का?”

“नसतो. मी काढलाय शोधून.” साकेत खुशीत हसला.

“मंग नसलेला वायू सुचला तुले. विमानं सुचली. आन विहीर सगळ्याईची असंन, हे काऊन नाई सुचलं?”

साकेत गोंधळला. “अगं, जग खरं वाटायला पाहिजे ना.”

“विमान खरं वाटते. मी पाणी पेलं तं खोटं वाटते?”

“पौर्णिमा, मनाला नको लावून घेऊस गं,” नमिता मध्ये पडली. “खेळ आहे.”

“तेच तर सांगतोय मी,” साकेत घाईनं म्हणाला. “आणि पुढचं ऐक ना. ही खरं तर तुझीच गोष्ट आहे! पुढे तूच बंड करतेस. सगळ्यात भारी प्रसंग तुझ्यासाठी लिहून ठेवलाय मी. तुझ्याइतकं खरं कोण करणार ते?”

“लिहून ठेवला?” पौर्णिमानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. “कधी?”

“म्हणजे... सुरुवातीलाच.”

“आन फासा?”

साकेतचे कान लाल झाले. त्यानं पुठ्ठ्याचा आडोसा उगाच सरळ केला. तेवढ्यावरून सगळ्यांना कळायचं ते कळलं. फासा नुसता खडखडवला होता. तिचा जन्म आधीच ठरलेला होता.

राग तिच्या ओळखीचा होता. गाडीत रोज दहादा यायचा नि पुढच्या थांब्यावर उतरून जायचा. हा राग नव्हता. ही किळस होती, अंगभर पसरणारी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे या माणसानं हे दुष्टपणानं केलं नव्हतं. महिनाभर बसून, प्रेमानं, तिची आठवण काढून केलं होतं. अख्खं जग नव्यानं बनवायची मुभा होती, तरी मैत्रिणीसाठी त्याला जागा सापडली ती हीच. अरे, तुझ्या अकलेला आग लागो!

तिचा हात पिशवीकडे गेला. उठावं, जिना उतरावं, मोकळं व्हावं. पण मग रविवार गेला. आणि ही तिघं चार दिवस हळहळतील, ‘फार मनाला लावून घेतलं बिचारीनं’ म्हणतील, आणि पुढच्या रविवारी त्याच विहिरीवर खेळतील. तिनं पिशवी सोडली.

“बरं. माहाच डाव होय न?”

“हो, हो! तुझाच,” साकेतचा जीव भांड्यात पडला.

“मी विहिरीवर जाते. पोहरा सोडते. पाणी काढते. त्या माणसाले पाजते आन मंग मी पेते.”

“थांब, धाडसाचा फासा टाकावा लागेल,” म्हणत साकेतनं तिच्यापुढे फासा सरकवला.

तिनं तो तसाच परत सरकवला. “पाणी पेयाले फासा नाई लागत. पेलं मी. आता सांग, गाव काय करते?”

साकेत कागद चाळू लागला. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती. गाव काय करतं ते चौघांनाही पाठ होतं.

“सुश्रुत, तू कारभारी होय न? तू सांग. आत्ता तं झकास जमलं होतं तुले.”

सुश्रुतनं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसला.

“पौर्णिमा, राहू दे ना आता,” नमिता पुटपुटली.

“काऊन राहू देऊ? खेळ होय म्हणते न तू? मंग खेळा. कोणी तं सांगा. माह्या तोंडावर सांगा.”

तेवढ्यात साकेतची आई, सुनीतीकाकू, चहा आणि वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांची बशी घेऊन जिना चढून आल्या. “काय रे, एवढे चिडीचूप? कुणाचा डाव आहे?”

“साकेतचा हाय, काकू,” पौर्णिमा म्हणाली. तिनं आपला कप घेतला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि साकेतच्या तोंडाकडे पाहत बसली.