न लावलेले दार

नृसिंहदादा वाचून दाखवीत, तेव्हा जगातला प्रत्येक लेखक नृसिंहदादांच्या आवाजात बोले. बखरकार असो, कवी असो की सरकारी अहवाल, सगळ्यांना सारखाच कफ झालेला असे आणि सगळेच निवृत्त मुख्याध्यापक असत. दुःखाच्या जागी दादा घसा दाटवीत, विनोदाच्या जागी आधीच हसून ठेवीत, आणि जे पटत नसे ते वाचीतच नसत.

त्यांच्या धाकट्या बहिणीची, नीलांबरीबाईंची दृष्टी काचबिंदूने गेली होती. नगरच्या कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवून त्या सोनईकडून शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या वस्तीवर, भावाच्या घरी राहायला आल्या होत्या. अंधत्व त्यांना सोसत होते. सोसत नव्हते ते इतकेच, की आता एकटीने वाचता येत नव्हते. पुस्तक ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव खोली होती जिथे पाहुणे येत नसत. तिथे आता दादा कायमचे मुक्कामाला आले होते.

घराला दार नव्हते. घरांना दारे न लावण्याची शिंगणापूरची रीत वडिलांनी आपल्या वस्तीवरही हौसेने पाळली होती. चौकट होती, उंबरा होता, फळ्या नव्हत्या. एक पडदा काय तो होता. देव राखतो, त्याला दाराची काय गरज, असे वडील सांगत आणि ऐकणाऱ्याला गहिवरून येई. या घरावर बाई एक लेख लिहीत होत्या. म्हणजे बाई सांगत होत्या आणि दादा लिहीत होते. त्या लेखाचा सगळा भार एका वाक्यावर होता: ‘माझ्या वडिलांनी घराला दार लावले नाही, आणि त्यांच्या हयातीत बनाबाई त्या न लावलेल्या दारातून एकदाही आत आली नाही.’

बनाबाई त्यांच्याच रानात खुरपायला येत असे. छप्पन्न साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. तिने देव सोडले, पण देव राखत असलेल्या या घराने तिला बाहेर उभे करणे सोडले नाही.

दादांनी ते वाक्य ऐकून घेतले आणि वाचूनही दाखवले, घसा दाटवून. पुढे बनाबाईचा नातू महेंद्र बाईंना भेटायला आला. तो त्यांचा जुना विद्यार्थी. नगरला कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान चालवीत होता. दादा सोनईच्या बाजाराला गेले होते. बाईंनी लेखाची पाने त्याच्या हातात दिली.

“बाई, दाराचं सांगून झाल्यावर एकदम विहिरीवर जातंय हे.”

“मधलं खोडलंय का?”

“खोडायला आधी लिहावं लागतं.”

संध्याकाळी बाईंनी दादांना विचारले. दादांनी नाकारले नाही. ते खोटे बोलणाऱ्यांपैकी नव्हते, फक्त खरे न लिहिणाऱ्यांपैकी होते.

“तुझ्या समाधानासाठी वाचून दाखवत होतो, निलू. कागदावर कशाला? बाबा उत्तर द्यायला आहेत का आता?”

“बनाबाई आहे.”

“तिची काही तक्रार आहे का?” असे म्हणून दादा चहा ठेवायला गेले. चहा ते फार चांगला करीत.

नंतरच्या खेपेला महेंद्र टेम्पोतून एक कॉम्प्युटर घेऊन आला. कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला, पिवळा पडलेला. आणि सोबत एक फ्लॉपी.

“प्रोग्रॅम फुकट आहे, बाई. परदेशात कुणीतरी लिहिला आणि वाटून टाकला. पडद्यावर जे असेल ते हा बोलून दाखवतो.”

“आणि नसेल ते?”

“नसेल ते नाही बोलत.”

“मग या घरात तो एकटा पडेल,” बाई म्हणाल्या.

प्रोग्रॅमला मराठी येत नव्हते. बाईंनी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे आणि त्याने ते आपल्या परीने उच्चारायचे, असा मार्ग निघाला. टायपिंग बाई तरुणपणी शिकल्या होत्या. बोटांना अक्षरांच्या जागा आठवत होत्या. प्रत्येक कळेबरोबर तो अक्षर पुटपुटे आणि बाणाची कळ दाबली की सबंध ओळ म्हणे. आवाज पत्र्याचा होता, नाकातून येणारा. नव्याने आलेल्या मिशनऱ्याने पहिल्याच रविवारी मराठीत प्रवचन करावे, तसे त्याचे मराठी. पण त्याला कफ नव्हता. त्याला काही पटत नव्हते आणि काही खटकतही नव्हते.

दुपारी दादा झोपत आणि घर वाऱ्याला मिळे. पडदा फुगून आत येई, मग श्वास सोडल्यासारखा मागे जाई. उसाची सळसळ भिंतीपर्यंत येऊन थांबे. त्या वेळी तो आवाज बाईंना बोलण्यासारखा वाटतच नसे. पाण्याखाली कुणी हळूहळू दिवे लावीत चालले आहे आणि प्रत्येक दिव्यापाशी एकेक अक्षर आहे, असे वाटे. डोळ्यांपुढचा राखी रंग निवळे. त्यात चौकट उभी राही, फळ्या नसलेली. चौकटीपलीकडे एक स्त्री उभी असे, पाठीशी ऊन घेऊन. तिचा चेहरा दिसत नसे. पण बाई दाराची ती ओळ पुन्हा म्हणवून घेत आणि ती स्त्री तिथे आहे याची खात्री होई. ओळ गेली नव्हती. तिच्यावर कुणाचा हात फिरला नव्हता. शेवटी एकांत मिळाला होता, आणि तो इतका मऊ होता की त्यात डोळे उघडे की मिटलेले, याला अर्थ उरत नसे.

एका दुपारी बाणाची कळ शोधताना बाईंचा हात ओल्या खोबऱ्याच्या वाटीवर पडला. शेजारी झेंडूचे फूल होते.

“कोण आहे?”

“मी राहीबाई,” हाताच्या अंतरावरून उत्तर आले. “चालू द्या, ताई. अध्याय मोडू नये.”

मग बांगड्या वाजल्या, कुणी खाकरले, कुणी मांडी बदलली. खोली भरलेली होती.

झाले होते ते असे. बिनदाराच्या घरी येणारा माणूस पडद्याबाहेरून हाक देतो, ही रीत. पण आत पोथी चालू असेल तर हाक द्यायची नाही. चपला काढायच्या, गुमान बसायचे आणि गुमान निघून जायचे, ही त्याहून जुनी रीत. राहीबाई ताक द्यायला आली, तिने आतून न समजणारा संथ स्वर ऐकला आणि जे समजत नाही ते पवित्र असते या शिकवणीप्रमाणे हात जोडून बसली. दुसऱ्या दिवशी तिने सोबत आणली. ज्या एकांतात बाई सुखावल्या होत्या, त्याला वस्तीवरच्या साताठ बायकांची हजेरी होती.

“दादा, तुम्हांला ठाऊक होतं?” बाईंनी विचारले.

“संस्कृत आहे म्हणून मीच सांगितलं त्यांना,” आतल्या खोलीतून दादा म्हणाले. “घरात चार माणसं हात जोडून बसतात, वाईट काय त्यात? आणि तुझं तू लिहितेयस. कुणाला कळत नाही, कुणी दुखावत नाही.”

बाईंना हसू आले. दादांना वाक्य गाळावे लागले होते; आता ते न गाळताच त्यांचे काम होत होते. वाक्य रोज मोठ्याने म्हटले जात होते आणि त्यावर खोबरे वाहिले जात होते.

शनिवारी महेंद्र आजीला घेऊन आला. नातवाने बोलते केलेले यंत्र बनाबाईला पाहायचे होते. रस्त्यावरून यात्रेकरूंच्या जीपगाड्या जात होत्या. आत बायका बसल्या होत्या. दादा नेहमीच्या खुर्चीवर होते. बनाबाई पडद्यापाशी थांबली.

“आत ये, बनाबाई,” दादा म्हणाले. “आता तसलं काही राहिलं नाही.”

“मी हितंच बरी, गुरुजी. वारा लागतोय.”

बाईंच्या बोटाखाली बाणाची कळ होती. त्यांनी ती दाबली. पत्र्याच्या आवाजाने ओळ म्हटली, ठेचकाळत, स्वर लांबवत. राहीबाईने डोळे मिटले. पडद्यापाशी मात्र हालचाल झाली.

“ह्यानं माजं नाव घेतलं का रं, महेंद्र?”

“बाईंना विचार, आजी,” महेंद्र म्हणाला.

“निलू,” दादा हळूच म्हणाले, “पोथीत येतात अशी नावं. सांग तिला.”

दादांच्या घरात, दादांच्या हातचा चहा पीत आणि त्यांच्याच आधाराने मोरीपर्यंत जात बाईंना उरलेले आयुष्य काढायचे होते. पडदा आत आला, मागे गेला.

“पोथी नाही ही,” बाई म्हणाल्या. “मी लिहिलंय. मराठी आहे.” आणि ते वाक्य त्यांनी आपल्या आवाजात म्हटले, यंत्र म्हणे तसे, कुठेही घसा न दाटवता.

ऊस सळसळत राहिला. मग राहीबाई म्हणाली, “म्हंजी इतके दिस आमी हात जोडून हे ऐकत हुतो व्हय?”

“जोडा की,” बनाबाई म्हणाली. “माझ्यापुढं कुनी जोडलं न्हवतं कदी.”

कुणीतरी हसले. दोघीजणी उठल्या, पदर सावरून, बनाबाईच्या अंगाला अंग लागणार नाही असे अंग चोरून बाहेर गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज बाईंनी अंगणापर्यंत ऐकला. दादांची खुर्ची करकरली.

“तू बाबांना उघडं पाडलंस,” दादा म्हणाले.

“दार नव्हतंच, दादा.”

बनाबाई खाली बसली. आत नव्हे, बाहेरही नव्हे, नेमकी उंबऱ्यावर. उंबऱ्यावर बसू नये, हे दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आले होते. ते सांगायला त्यांनी घसा साफ केला, आणि चहा ठेवायला गेले.

“ताई, म्होरं काय लिव्हलंय?”

“पुढचं अजून नाही लिहिलं.”

“मंग लिव्हा. मी हाय.”

बाईंनी बोटे कळांवर ठेवली. यंत्राने पहिले अक्षर पुटपुटले, मग दुसरे. राहीबाई उठली नव्हती. कुठे बसावे हे न कळून ती जरा बाजूला सरकली, एवढेच.