दुसऱ्या खोलीचा पडदा

आईनं कापडाचा तागा टेबलावर धपकन टाकला आणि मुलीच्या वह्या कोपरानं बाजूला सारल्या.

“तुझी शाळा जरा तिकडे घे. मला कात्री चालवायचीय.”

मुलगी गणिताची शिक्षिका होती. दुसऱ्या दिवशी आठवीला स्वतंत्र आणि अवलंबी चल शिकवायचे होते, आणि पुस्तकातलं उदाहरण तिला पसंत नव्हतं: एकाच वेगानं धावणारी मोटार, जिच्यात कुणी बसलेलंच नाही. आई पडदे शिवायची. रस्त्याकडची खोली तिचं दुकान, आतली खोली तिचं घर.

“आई, पडद्याला कापड किती लागतं?”

“खिडकी सांगेल तेवढं.”

“नीट सांग ना.”

“रुंदीच्या दुप्पट. चुण्या पडायला नकोत? शिवाय कडा दुमडायला वीतभर.”

मुलीनं कागदावर एक आडवी आणि एक उभी रेघ मारली. आडवीवर खिडकी लिहिली, उभीवर कापड.

“म्हणजे खिडकी स्वतंत्र, कापड तिच्यावर अवलंबून. खिडकी बदलली की कापड बदलतं. कापड जास्त आणलं म्हणून खिडकी काही रुंद होत नाही.”

“कळलं. खिडकी सासू, कापड सून.”

“हे वर्गात सांगितलं तर माझी नोकरी जाईल.”

आईनं ओठांत धरलेली टाचणी काढून कापडाला लावली. “आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या तर? ही म्हणते आधी तू हल, ती म्हणते आधी तू.”

“मग गणित सुटत नाही, आई.”

“बरं. माप सांग तुझं.”

मुलीनं शाळेजवळ दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं होतं. इतकी वर्षं तिला एक खोली पुरत आली होती. तिनं पुढच्या खोलीच्या खिडकीचं माप सांगितलं. आईनं ते खडूनं टेबलाच्या कडेवर लिहिलं.

“आणि दुसरीचं?”

“ती रिकामीच आहे. नंतर बघू.”

“रिकामी ठेवायला घेतलीस?”

“मिळाली म्हणून घेतली,” मुलगी म्हणाली आणि वह्या पिशवीत भरू लागली.

दुसरी खोली आईसाठी होती. घर पाहायला गेली तेव्हापासून मुलगी हे सांगणार होती. पण हातपाय चालताहेत तोवर मी कुणाच्या घरी जायची नाही, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ऐकवायची. आईनं स्वतःहून विषय काढला की विचारायचं, असं मुलीनं ठरवलं होतं. आई विषय काढत नव्हती.

“माप आणलंस की तिचा पडदाही शिवीन,” आई म्हणाली. “मापाशिवाय मी कात्री लावत नाही, माहितीय तुला.”

माहीत होतं. गिऱ्हाइकानं ‘अंदाजे’ म्हटलं की आई तागा गुंडाळून ठेवायची आणि दार दाखवायची.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात खिडकीचंच उदाहरण दिलं, सासू-सून वगळून. मुलांना समजलं. मधल्या सुट्टीत आईच्या शेजारच्या चष्मेवाल्याचा फोन आला. आई मशीनपाशी बसलेलीच सापडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, फार त्रास झाला नसावा.

“तुम्ही गेल्यावर बराच वेळ मशीन चालू होतं, ताई,” चष्मेवाला म्हणाला. “मी दारातून विचारलंसुद्धा, रविवारी कसली एवढी घाई? म्हणाल्या, घरचं काम आहे.”

पडद्यांचं गाठोडं मशीनशेजारी बांधून ठेवलेलं होतं. ते तिनं नव्या घरात आल्यावरच सोडलं. वरचा पडदा पांढरा, पातळ. पुढच्या खोलीत तो मापात बसला. त्याच्या खाली आणखी एक होता.

तो गडद निळा होता, जाड, मागून काळ्या अस्तराचा. मुलगी खिडकी उघडी टाकून झोपायची. असं अस्तर आईच्याच पडद्याला होतं. मागच्या गल्लीतला दिवा डोळ्यात घुसतो म्हणून तिला त्याशिवाय झोप यायची नाही.

तो घेऊन ती दुसऱ्या खोलीत गेली आणि स्टुलावर चढून तिनं तो दांडीत ओवला. रुंदीला तो कमी पडला. चुण्या जेमतेम पडल्या. ही खिडकी आईच्या खिडकीपेक्षा मोठी होती, आणि आईनं ती पाहिलेली नव्हती. लांबीला मात्र पडदा जमिनीवर लोळत होता.

ती खाली उतरली, गुडघ्यांवर बसली आणि खालची कड उलटून पाहिली. दुमड पक्की शिवलेली नव्हती. पांढऱ्या दोऱ्यानं नुसता धावदोरा घातलेला होता. खालची दुमड आई नेहमी शेवटी घालायची, पडदा जागेवर टांगल्यावर, त्याच खोलीत जमिनीवर बसून.

मुलीनं कड मांडीवर घेतली. धावदोरा तोडला नाही. खोलीत अजून काहीच सामान नव्हतं, त्यामुळे तिचा आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा आला.

“आई,” ती म्हणाली, “माझ्याकडे राहायला येतेस का?”