मुदतीआधी

त्र्यंबकरावांना या जगात एकाच माणसाचा मत्सर वाटायचा आणि तो नेमका त्यांचा साडू होता. साडूचा मत्सर कुणाला वाटत नाही म्हणा, पण यांचं प्रकरण फारच पुढे गेलेलं. आनंदनं नवी चप्पल घेतली तरी यांच्या पोटात दुखायचं, आणि ती चप्पल चांगली निघाली तर आठवडाभर दुखायचं.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली मंदाकिनी यांची, धाकटी नीरजा आनंदची. हे डोंबिवलीत, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तो ठाण्याला बाळकुममध्ये, बाविसाव्या मजल्यावर, खाली पोहण्याचा तलाव. असू दे. तलाव त्र्यंबकरावांनी कसाबसा पचवला होता, कारण आनंदला पोहता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण सासुरवाडीत एक मान फक्त आणि फक्त त्यांचा होता. पैसे कुठे ठेवायचे हे विचारायचं ते त्र्यंबकरावांना.

आणि का नाही विचारायचं? चौतीस वर्षं ते एका सहकारी बँकेत मुदत ठेवींच्या काउंटरवर बसलेले. कुणी ठेव मोडायला आलं की हे चष्म्यावरून बघत म्हणायचे, "का मोडताय?" लग्न असो, बाळंतपण असो, कॉलेजची फी असो, यांचं एकच. "मोडली की टक्का गेला. बघा बुवा." हे असं काही म्हणायचे की समोरच्याला आपण देवघरातली मूर्ती विकायला काढल्यासारखं वाटायचं. निम्मे लोक पावती परत पिशवीत टाकून घरी जायचे. त्याचा त्र्यंबकरावांना भारी अभिमान होता.

तर झालं असं की अधिक महिना आला आणि सासूबाईंनी दोन्ही जावयांना कल्याणला वाणासाठी बोलावलं. पारनाक्याजवळच्या त्यांच्या घरी पाट मांडले, समया लागल्या. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर चांदीचं निरांजन. ताट आधी थोरल्या जावयाला, मग धाकट्याला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा क्षण त्र्यंबकरावांना मनापासून आवडायचा. अनारसे त्यांना आवडत नसत. ताट आनंदच्या आधी हातात येतं, हे आवडायचं.

सगळं छान चाललेलं. आणि जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आनंदराव, मागे फोनवर काय ते सांगत होतात हो? सरकारच्या बिलाचं?"

त्र्यंबकरावांचा घास हातातच राहिला. मागे फोनवर? म्हणजे हे आधीपासून चालू आहे?

"ट्रेझरी बिल, आई," आनंद म्हणाला. "सोपं आहे. सरकारला थोड्या मुदतीसाठी पैसे लागतात, ते आपल्याकडून घेतं. शंभराचा कागद आपल्याला सत्त्याण्णव-साडेसत्त्याण्णवला मिळतो, मुदत भरली की पुरे शंभर हातात. मधला फरक ते आपलं व्याज. एक्क्याण्णव दिवसांचं असतं, एकशे ब्याऐंशीचं, नाहीतर तीनशे चौसष्टचं. मी एकशे ब्याऐंशीचं घेतलंय. घरी बसून, मोबाईलवर."

"बुडत नाही ना पण?"

"सरकारची हमी आहे. बँकेत कसं, पाच लाखांच्या वर विमा नसतो. त्र्यंबकरावांनी सांगितलंच असेल तुम्हाला."

त्र्यंबकरावांनी ते कधीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी एकदा मोठ्या जावयाकडे बघितलं, मग धाकट्याकडे वळून म्हणाल्या, "मग माझेही टाका की त्यातच. अहो त्र्यंबकराव, अनारसा घ्या ना. तुम्ही काहीच घेतलं नाहीत."

परतीच्या रिक्षात ताट मांडीवर घेऊन ते धुमसत होते.

"आईनं नुसतं विचारलं हो," मंदाकिनी म्हणाली. "एवढं जळायला काय झालं?"

"मी जळत नाही. व्याज तरी बघ! माझ्या ठेवीपेक्षा पावणेदोन टक्के कमी सुटतं तिथे."

"मग बरंच आहे की. आपण शहाणे."

"आपण शहाणे, मग विचारलं कुणाला?"

मंदाकिनीनं अनारशांवरचा रुमाल सारखा केला.

त्र्यंबकरावांकडे एक ठेव होती. आठ लाखांची. ती होती कृतिकाची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीची. कृतिका फिजिओथेरपिस्ट, ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नोकरीला आणि तिथेच मैत्रिणींबरोबर राहायला. तिचं स्वतःचं क्लिनिक निघेल तेव्हा हे पैसे काढायचे असं ती कॉलेजात असल्यापासून ठरलेलं. "तुझे आठ लाख माझ्याकडे आहेत, जागा तेवढी शोध," हे वाक्य त्र्यंबकरावांनी इतक्यांदा म्हटलं होतं की शेजाऱ्यांनाही पाठ होतं.

ती ठेव त्यांनी मोडली. हो, त्यांनीच! सव्वासात टक्के देणारी, वर्षभराची मुदत उरलेली ठेव, साडेपाच टक्क्यांच्या कागदासाठी. काउंटरवर आता मेघना बसायची, यांनीच तयार केलेली. तिनं पावती हातात घेतली, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "का मोडताय, साहेब? मोडली की टक्का जातो."

"जाऊ दे," त्र्यंबकराव म्हणाले. हे शब्द त्या काउंटरवर पहिल्यांदाच उमटले असतील.

मग मोबाईलवर खातं उघडायचा सोहळा. आनंदला विचारलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं. पण आनंदला विचारायचं? त्यापेक्षा त्यांनी आठवडाभर ओटीपीशी झटापट केली, नॉमिनीची जन्मतारीख चुकवली, चेहरा दिसत नाही म्हणून बाल्कनीत जाऊन फोटो काढला. शेवटी जमलं. मुदत विचारल्यावर मात्र त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. त्यानं एकशे ब्याऐंशी घेतलं काय? मग आपण तीनशे चौसष्ट!

त्याच संध्याकाळी 'पारनाका परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी जाहीर केलं, "आम्हीही ट्रेझरी बिल घेतले. तीनशे चौसष्ट दिवसांचे. लांबची मुदत घ्यायला छाती लागते."

सासूबाईंचा अंगठा आला. नीरजानं टाळ्या पाठवल्या. आणि आनंदनं लिहिलं, "अरे वा! फक्त मध्येच लागणारे पैसे नाहीत ना, तेवढं बघा."

सगळ्यांच्या देखत. मुदत ठेवींच्या माणसाला! त्र्यंबकरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी उत्तर टाकलं, "चौतीस वर्षे लोकांना हेच शिकवत आलो." आणि फोन उशीखाली सारला.

सव्वा महिना झाला असेल नसेल, कृतिका घरी आली ती धावतच जिना चढून.

"बाबा, जागा मिळाली! रामनगरात, अगदी तळमजला. बाहेर उतार केलेला आहे, गुडघ्यांच्या पेशंटला एक पायरी चढायला नको. मालक पुण्याला चाललेत मुलीकडे. भाडं माझ्या आवाक्यातलं आहे, फक्त डिपॉझिट पाच लाख, शनिवारपर्यंत. नाहीतर मोबाईलचा दुकानवाला टपूनच बसलाय." दम घेऊन ती हसली. "काढा माझे आठ लाख."

"बघतो," म्हणून त्र्यंबकराव आतल्या खोलीत गेले.

बघितलंही त्यांनी. ट्रेझरी बिल ठेवीसारखं मोडता येत नाही, हे खरं. दंड भरला आणि पैसे घेतले असं तिथे नसतं. पण बाजारात विकता येतं, कुणी घेणारा भेटला तर, आणि तो देईल त्या भावाला. घेणारा होता. त्र्यंबकरावांनी जेवढे भरले होते त्यापेक्षा चार हजार कमी देत होता. विकायचं बटण समोर होतं, अंगठा वर होता.

आणि डोळ्यांपुढे उभा राहिला आनंद. कृतिकाला पैसे दिले की ग्रुपवर येणारच, की बाबांनी बिल विकून दिले. म्हणजे मध्येच लागले. म्हणजे सव्वा महिन्यात, तेही तोट्यात! आनंद म्हणेल, "मी विचारलं होतं." नाही, तो तसं म्हणणारच नाही. गप्प बसेल, समजूतदारपणे मान हलवेल, हे तर त्याहून भयंकर. आणि सासूबाई त्या गप्प बसण्याचं कौतुक करतील. छे! चार हजार गेले असते तर त्र्यंबकरावांनी सोसलं असतं. ते आनंदसमोर गेलेले त्यांना सोसवत नव्हते.

ते बाहेर आले. "अगं, तुझे पैसे मी ट्रेझरी बिलात टाकलेत. ते सरकारी आहे. मुदतीआधी हात लावता येत नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही. पुढच्या वर्षी बघू. गाळे काय, पन्नास मिळतात."

कृतिकाचा चेहरा उतरला. ती वाद घालणारी मुलगी नव्हती, आणि पैशाच्या बाबतीत बाबा सांगतात ते खरं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. "बरं," एवढंच म्हणून तिनं पर्स उचलली.

"काहीच करता येत नाही असं कसं असेल?" ती गेल्यावर मंदाकिनीनं विचारलं. "काहीतरी वाट असेलच की."

"तुला त्यातलं कळतं का?"

चार दिवस त्र्यंबकराव रोज एकदा तो भाव उघडून बघत, बंद करत, आणि गाळे पन्नास मिळतात असं स्वतःला सांगत. ते त्यांना पटतही नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

शनिवारी दुपारी बेल वाजली. कृतिका. हातात पेढ्यांचा पुडा, आणि तोंडभर हसू.

"झालं! जागा घेतली!"

"अगं बाई!" मंदाकिनीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "कशी गं? पैसे?"

"आनंदकाकांनी दिले. मी मागायला नव्हते गेले हं. मावशीचा सहज फोन आलेला, मी रडले जरा. तर काका दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात हजर. म्हणाले, माझं बिल विकून टाकतो, तू सावकाश परत कर." तिनं बाबांच्या हातावर पेढा ठेवला. "मी म्हटलं, अहो, मध्ये काढता येत नाही ना? तर म्हणाले, विकता येतं, थोडा फटका बसतो, चालायचंच."

पोरगी हसत होती, पेढा ताजा होता, ज्यासाठी इतकी वर्षं पैसे साठवले ते काम झालं होतं. आणि यांच्या मनात काय आलं? तर त्याचं विकलं गेलं. माझ्याच मुलीसाठी. तोटासुद्धा त्यानंच सोसला, आणि उद्या त्याबद्दल ओवाळून घेईल.

"आणि बाबा," कृतिका त्यांच्याजवळ बसली, हात हातात घेऊन. "मला वाटलं होतं तुम्हाला वाईट वाटेल. पण काकाच म्हणाले, बाबांवर रागावू नकोस. त्यांना हे नवीन आहे. मध्ये विकता येतं, हे त्यांना माहीत नसेल."

आता इथे त्र्यंबकरावांनी फक्त मान हलवायची होती. "हो का? विकता येतं का?" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. साडूनं जाता जाता त्यांची लाज राखली होती, मुलगी विश्वास ठेवून हात धरून बसली होती. पण माहीत नसेल? आनंदला माहीत आहे आणि त्र्यंबकला माहीत नसेल?

"माहीत नसेल?" ते ताडकन उभे राहिले. "मला? चौतीस वर्षं काय भजी तळली मी बँकेत? अगं, तू आलीस त्याच दिवशी भाव काढून बघितला होता मी! चार हजार कमी येत होते. आणि त्याला विचार जाऊन, त्यानं विकण्याआधी भाव तरी बघितला होता का म्हणावं!"

बोलून झाल्यावर त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. मंदाकिनी पाण्याचा ग्लास घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

"त्याच दिवशी?" कृतिकानं विचारलं.

ते चष्मा काढून पुसायला लागले.

"आतल्या खोलीत गेला होतात तेव्हा?"

"तसं नव्हे गं. माझं म्हणणं होतं की..." त्यांनी मंदाकिनीकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"चार हजार," कृतिका म्हणाली. चिडली नाही, रडली नाही. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, कुणा अनोळखी माणसाकडे बघावं तशी. "बाबा, मला सांगायचं होतंत. मी भरले असते."

मग तिनं पुड्याचं झाकण लावलं, तो आईच्या हातात दिला आणि चपला घालायला लागली. "काका खाली गाडीत थांबलेत," ती आईला म्हणाली. "चावी घ्यायला जायचंय. तू येतेस?"

मंदाकिनीनं ग्लास टेबलावर ठेवला आणि ती साडी बदलायला आत गेली.