भरलेला निळा ड्रम

जुना असलो तरी मी गळका नाही, हे आधीच सांगतो, मित्रांनो. मी एक निळा ड्रम. वाळूजच्या कारखान्यात जन्मलो, काही वर्षं साखरेचा पाक वाहिला. मग बजाजनगरच्या भंगारवाल्याकडून सखारामनं मला घरी आणलं. त्याची बायको सत्यभामा हिनं मला राखेनं घासूनपुसून लख्ख केलं. लोखंडी पट्टीचं माझं झाकण एकदा बसलं, की मुंगीसुद्धा आत जात नाही.

आमचं घर नाल्याकाठी, वस्तीत सगळ्यात खाली. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. त्या दिवशी सत्यभामा कामाला खाडा करी, मला काठोकाठ भरी आणि शेजारणींना सांगे, "माझा ड्रम म्हंजी घरातलं माणूसच हाय." मी लई फुगून जायचो.

गेल्या भादव्यात नळ आला आणि त्याच संध्याकाळी आभाळ फाटलं. बघता बघता नाला घरात शिरला. सखारामचा एक पाय कामावर अधू झालेला. लेक संघपाल म्हणाला, "आई, ड्रम उपडा करू, झाकण लावू. अण्णा त्याला धरून तरंगतील, मी ढकलत नेतो."

सत्यभामा माझ्यापुढं आडवी उभी राहिली. "येडा झाला का? आजच भरलाय. आठवडाभर काय नाल्याचं पिशील? उतरंल पाणी. दरवर्षी उतरतंय."

सखारामही म्हणाला, "राहू दे रं. आधी आईला वर विहारात ने. मी बसतो खाटंवर."

मला वाचा असती, तर ओता म्हणून बोंबललो असतो. रिकामा असतो तर त्याला तोलून धरलं असतं. भरलेला मी जागचा हललो नाही. संघपाल आईला वर सोडून परत येईस्तोवर पाणी छताला लागलं. सखारामचे हात माझ्या झाकणावरून घसरले, ते अजून मला जाणवतात.

सकाळी चिखलात मी उभाच होतो. आतलं पाणी नितळ. त्याच पाण्यानं सखारामला शेवटची अंघोळ घातली. सत्यभामा तांब्यामागून तांब्या ओतत होती आणि म्हणत होती, "घ्या, समदं घ्या."

मित्रांनो, पूर आला की आम्हाला आधी उपडं करा. पाण्याचा मोह धरू नका. पण सांगून काय उपयोग, तेही मला कळतं. घर तिथंच आहे, नळ आठवड्यानंच येतो. आज आभाळ पुन्हा भरून आलंय, आणि संघपालनं, त्याच संघपालनं, मला काठोकाठ भरून ठेवलंय. नाहीतर पिणार काय?