तीसपैकी चार

माणूस समोर उभा राहून ‘मी जन्मलो’ म्हणाला, तरी ती त्याच्याकडे जन्माचा दाखला मागायची. त्यात तिचा फारसा दोष नव्हता. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बावीस वर्षं काढल्यावर कुणाचंही असंच होईल. त्यामुळे विमा कंपनीचं पत्र घरी आलं, तेव्हा तिनं नवऱ्याला काही विचारलंच नाही. पत्र दोनदा वाचलं, शिक्का पाहिला आणि थेट निकाल सुनावला.

“तीस दिवसांत फक्त चार दिवस! अहो, लोकलाजेसाठी तरी दहा-बारा दिवस ते मशीन लावायचं होतं.”

नवरा ब्रेडच्या कारखान्यात भट्टीवर होता, कायमचा रात्रपाळीला. रात्री नऊला जायचा, सकाळी आठला यायचा, अंघोळ करून पावणेनऊला आडवा व्हायचा तो तिनाच्या सुमाराला उठायचा. ती सव्वानऊला ऑफिसला निघायची. संसार असा पाळीपाळीनं चालला होता. तीन महिन्यांपूर्वी त्याला भट्टीसमोर उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हात कोपरापर्यंत भाजला. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, झोपेत याचा श्वास तासाला अडतीस वेळा थांबतो. त्याच्या घोरण्यावर आयुष्यभर विनोद करणाऱ्या तिच्या पायांखालची जमीनच सरकली.

मग मशीन आलं. उशाशी ठेवायचं, नळी लांबलचक, नाकावर मास्क, हवा रात्रभर आत ढकलत राहणार. पैसे विमा कंपनी देणार होती, पण अट होती. पहिल्या तीस दिवसांत किमान एकवीस दिवस, रोज सलग चार तास मशीन वापरलं पाहिजे. नाहीतर परत. कोण किती वापरतो, हे मशीन स्वतःच परस्पर कळवतं. आणि मशीननं कळवलं होतं, चार.

“रोज लावतो मी,” तो म्हणाला. “एक दिवस लाइट नव्हती तेवढा सोडून.”

“कोणते चार दिवस लागलेत, बघा. चारही तुमच्या सुट्टीचे. म्हणजे रात्री मी शेजारी असते तेव्हा मास्क नाकावर, आणि मी ऑफिसला गेले की खुंटीवर!”

त्याची बाजू आधीच लंगडी होती. ‘तंबाखू सोडली’ असं शपथेवर सांगितल्यानंतर दोन वर्षांनी तिला त्याच्या बुटात पुडी सापडली होती. दुधानं तोंड पोळलेली बाई ताकही फुंकून पिणार. तो उठला, मशीन बॅगेत भरलं, चेन लावली आणि बॅग दाराशी ठेवली.

“सोमवारी न्यायला येणार आहेत ना? जाऊ दे. घरात माझ्या शब्दाला किंमत नाही, तर मशीन ठेवून काय करू?”

तो कामावर गेला आणि ती त्या बॅगेकडे बघत बसली. राग होताच, पण त्याच्या खाली भीती होती. मशीन गेलं, की पुन्हा ते घोरणं, मधेच ती शांतता, आणि त्या शांततेत श्वास परत येण्याची वाट बघणं. स्वतःच्या पैशानं नवीन घ्यायची त्यांची ऐपत नव्हती. तिनं मशीन बाहेर काढून पुन्हा उशाशी लावलं. पुरावा मिळवल्याशिवाय ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तिनं बावीस वर्षांत पहिल्यांदा आजारी नसताना आजारपणाची रजा टाकली. सकाळी उशाशी परत आलेलं मशीन पाहून त्यानं तिच्यादेखत मास्क लावला. ती रोजच्यासारखी पर्स घेऊन सव्वानऊला निघाली, भाजी मंडईत दोन चकरा मारल्या आणि दहाला चोरपावलांनी घरात शिरली. स्वतःच्याच घरात, हातात चपला घेऊन! पॅसेजमध्ये स्टूल ठेवलं, खोलीचं दार बोटभर उघडं होतं, त्यातून तिनं आत पाहिलं.

मास्क नाकावर होता.

तिला वाटलं, काढेल आता. साडेदहा झाले, अकरा झाले. वही काढून ती दर पंधरा मिनिटांनी वेळ लिहू लागली. पडद्याच्या फटीतून ऊन त्याच्या भाजलेल्या हातावर आलं होतं. नवी कातडी अजून गुलाबीच होती. छाती वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. बारा वाजले. तो कुशीवर वळला आणि वळताना झोपेतच त्यानं नळी खांद्यावरून अलगद मागे टाकली. ही रोजची सवय असलेल्या माणसाची हालचाल होती, एका दिवसाच्या नाटकात ती येत नाही. तिनं वही बंद केली. पण उठली नाही. अडीचपर्यंत ती तशीच बसून राहिली, आता काही लिहायचं नव्हतं तरी.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर ती वही घेऊन मशीनच्या दुकानात गेली. तिथं मास्क बसवून देणाऱ्या एक ताई होत्या, नाकाची मापं घेऊन घेऊन माणसाच्या तोंडाकडे पाहायचंच विसरलेल्या. त्यांनी संगणकावर बुधवार काढला.

“सकाळचे तीन तास दहा मिनिटं. चार भरत नाहीत.”

“असं कसं? अडीचपर्यंत मास्क होता. मी स्वतः बघत होते!”

ताईंनी चष्मा वर केला, पुढचा दिवस उघडला आणि कपाळावर हात मारला.

“हे बघा, उरलेले तीन तास गुरुवारच्या नावावर पडलेत. अहो, मशीनचा दिवस दुपारी बाराला बदलतो. लोक रात्री झोपतात ना, त्यांच्या झोपेचे मध्यरात्री दोन तुकडे पडू नयेत म्हणून तशी सोय केलीय. तुमचे मिस्टर दिवसा झोपतात. त्यांच्या झोपेचे रोज बाराच्या ठोक्याला दोन तुकडे होतात. कंपनीला हवेत सलग चार, आणि तुकडा भरतो तिनाचा.”

“आणि सुट्टीच्या रात्री अख्खी झोप मोजली जाते,” ती हळूच म्हणाली. तिला तिथंच रडू आलं.

तिनं दुकानातूनच विमा कंपनीला फोन लावला. पलीकडचा अधिकारी सभ्य होता, हीच पंचाईत.

“बाई, तुम्ही पाहिलंत हे मला पटतंय. पण पाहिलेलं आम्हाला फाइलला लावता येत नाही. कागद आहे का?”

हे वाक्य तिनं स्वतः किमान दहा हजार वेळा म्हटलं असेल. ऐकताना ते कसं लागतं, ते तिला पहिल्यांदाच कळलं. पण कागद कसा उभा करायचा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ताईंकडून तिनं तीसही दिवसांचे मिनिटामिनिटाचे आलेख सहीशिक्क्यानिशी घेतले, शुक्रवारी कारखान्याच्या मॅनेजरसमोर ठाण मांडून रात्रपाळीचं पत्र लिहून घेतलं आणि सगळं क्रमांक टाकून मेलनं पाठवून दिलं. शनिवारी दुपारी उत्तर आलं. तीसपैकी एकोणतीस दिवस वापर मान्य. मशीन तुमचं. लाइट गेलेला दिवस तेवढा कमी होता, त्यानं सांगितला होता तसाच.

तो मागच्या गॅलरीत मास्क धुऊन दोरीवर चिमट्यानं अडकवत होता. मंगळवारपासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. तिनं मोबाइलवरचं पत्र पुढे केलं, बाराची सगळी भानगड समजावली. तो मान हलवत राहिला. तिथंच थांबली असती तर भागलं असतं, पण तिला राहवेना.

“अहो, अजून एक आहे. बुधवारी मी ऑफिसला गेले नव्हते. दहाला परत आले आणि पॅसेजमध्ये स्टुलावर बसून होते. तुम्हाला पकडायला.”

त्याचा हात दोरीवरच थांबला. त्याला लागलं, हे तिला दिसलं.

“किती वेळ?”

“साडेचार तास. चुकलं माझं. तुम्ही खरं बोलत होतात आणि मी तुम्हाला एकदा नीट विचारलंसुद्धा नाही.”

त्यानं चिमटा काढला, पुन्हा लावला.

“बुधवारी उठलो ना,” तो शेवटी म्हणाला, “तेव्हा वाटलं, आज झोप काही वेगळीच लागली. कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी. म्हटलं, मशीनच्या नव्या फिल्टरचा गुण असेल.”

ती डोळे पुसत हसली.

“पुढच्या आठवड्यात आणखी एक रजा मिळेल?” त्यानं विचारलं.

“आता कशाला? सगळं मंजूर झालंय.”

“मंजुरीसाठी नाही गं. आणि स्टुलावर नको बसूस, पाठ धरेल. खुर्ची घे आणि आत येऊन बस.”